टर्बो काढण्याआधी इंजिनाचा श्वास तपासा

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

या महिन्यात सोलापूर आणि आसपासहून आलेली बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत. टर्बोची (म्हणजे एक्झॉस्टच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याची) गाडी, सायलेन्सरमधून निळा धूर, आणि ऑइलची टोपी उघडली की आतून येणारी हवा, जिला गॅरेजात ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. म्हणून हा अंक याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्याकडे २०१३ची, १२४८ सीसी डिझेल टर्बो गाडी आहे. १ लाख ४० हजार किलोमीटर झाले. गावात धूर दिसत नाही, सकाळी चालू करतानाही नाही. तुळजापूरचा घाट चढताना मात्र मागच्या गाडीवाल्याला निळा धूर दिसतो. अडीच हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल घालावं लागतं. टोपी उघडली की भकभक हवा येते. एक मिस्त्री म्हणतात टर्बो गेला, दुसरे म्हणतात इंजिन कामाला आलं. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सध्या कुणाचंच नको. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून टर्बो गेला हे ठरत नाही आणि इंजिन उतरवायचीही घाई नको. आधी मधली वाट तपासू.

पिस्टनच्या रिंगा नव्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि तेल असतं त्या इंजिनाच्या खालच्या भागात, उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट लागते. तुमच्या इंजिनात ती टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून), तेलाचे थेंब वेगळे करणाऱ्या कप्प्यातून आणि एका डायफ्रामच्या (रबरी पडद्याच्या) व्हॉल्व्हमधून टर्बोच्या आधीच्या हवेच्या नळीत जाते. हाच ब्रीदर. तो तुंबला, त्याची नळी आतून फुगली किंवा डायफ्राम कडक झाला, की चेंबरमध्ये दाब साठतो.

आता टर्बोकडे या. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. दोन्ही टोकांना रबरी सील नसतात, पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक कड्या असतात. तेल आत राहतं ते या कड्यांमुळे कमी आणि दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबामुळे जास्त. टर्बोत दाबाने आलेलं तेल परत जाताना कुठलाही पंप त्याला ओढत नाही, ते स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये पडतं. चेंबरमध्ये दाब असेल तर ते पडत नाही. मोरी तुंबल्यावर न्हाणीघरात पाणी वर येतं तसं ते टर्बोत चढतं आणि कड्यांतून बाहेर येतं. काही इंटरकूलरमार्गे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून) सिलिंडरमध्ये जळतं, काही थेट तापलेल्या सायलेन्सरमध्ये. धूर टर्बोतून निघतो, कारण मात्र खाली चेंबरमध्ये असतं. म्हणून दाब न मोजता टर्बो बदलला की नवा टर्बोही तसाच तेल सोडतो.

तुमच्या गाडीला सकाळी धूर नाही, म्हणजे वॉल्व्ह सीलवर संशय कमी. सील गेले असते तर रात्रभर गाइडमधून झिरपलेलं तेल पहिल्या स्टार्टला निळा भपका देऊन गेलं असतं. फक्त चढावर, लोड आल्यावर धूर, याचा अर्थ तीनपैकी एक : ब्रीदरमधून तेल वाहून जातंय, टर्बो सोडतोय किंवा रिंगा. तपासणी स्वस्तापासून महागाकडे करायची.

पहिलं, ऑइलची पातळी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून गेज (तेलात बुडणारी खुणांची पट्टी) पाहा. बरेच जण ‘कमी होतंय ना, मग जरा जास्तच घालू’ म्हणून वरच्या खुणेच्या वर भरतात. मग क्रँकचे फिरणारे भाग तेलाला लागून ते फेसाळतं, फेस ब्रीदरमधून वर जातो आणि धूर वाढतो. मग आणखी ऑइल घातलं जातं. पातळी दोन खुणांच्या मध्यापासून पाऊण भागापर्यंत ठेवा, त्याहून वर नको.

दुसरं, एअर फिल्टर. हे क्षुल्लक वाटतं, पण सोलापुरात नाही. यंत्रमागांच्या वस्तीत गाडी उभी राहत असेल तर कापसाचा तुसा फिल्टरवर नमद्यासारखा बसतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना काळ्या मातीची धूळ त्यात भरते. फिल्टर तुंबला की टर्बोच्या तोंडाशी सक्शन वाढतं आणि ते ब्रीदरमधून आणि टर्बोच्या कडीतून तेल ओढतं. हवा मारून झटकलेला फिल्टर कागदाच्या आतून भरलेलाच असतो. नवा घाला. फिल्टर बॉक्समध्ये सरकलेली पिशवी किंवा कागदही निघतो, तेही बघून घ्या.

तिसरं, ब्रीदर. नळी दोन्ही टोकांना सोडा. आत बोट फिरवा. काळा चिकट थर असेल तर डिझेलने धुऊन वाळवा. नळी गरम असताना दोन बोटांनी दाबून बघा. तेल पिऊन मऊ झालेली नळी सक्शनने आत चपटी होते, थंड असताना ती अगदी धडधाकट दिसते. अशी नळी बदलायचीच. काही टॅपेट कव्हरांवर डायफ्रामची गोल टोपी वेगळी निघते, काहींत संपूर्ण कव्हरच बदलावं लागतं. तरीही तो खर्च टर्बोपुढे किरकोळ आहे.

चौथी चाचणी खरी निकाल देणारी. ब्रीदरची नळी टर्बोच्या इनलेटवरून काढा. इनलेटचं उघडं तोंड रबरी बूच आणि क्लिपने घट्ट बंद करा, ते उघडं राहिलं तर धूळ थेट टर्बोत जाईल. ब्रीदरची नळी लांब करून एका रिकाम्या पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडा. कॅनचं तोंड बंद करू नका. कॅन गरम सायलेन्सरपासून दूर, पक्का बांधा. आधी इंटरकूलरची सगळ्यात खालची नळी सोडून आत साठलेलं तेल काढून घ्या, नाहीतर जुनंच तेल जळत राहील आणि निकाल चुकेल. आता दहा-पंधरा किलोमीटर, त्यात थोडा चढ, अशी चक्कर मारा. धूर थांबला आणि कॅनमध्ये तेल आलं, तर टर्बो बहुधा निर्दोष आहे, तेल ब्रीदरमधून येत होतं. धूर तसाच राहिला आणि कॅन कोरडा, तर संशय टर्बो किंवा रिंगांवर; पुढच्या उत्तरातल्या रीतीने दाब मोजा, मगच टर्बो काढून बघा. ही जोडणी फक्त चाचणीपुरती. तशीच गाडी वापरत राहू नका, चेंबरचा वायू बाहेर सोडणं प्रदूषणाच्या नियमात बसत नाही आणि त्याचा वास केबिनमध्येही येतो.

राहिली टोपी उघडून बघण्याची गोष्ट. टोपीखालीच टायमिंग चेन आणि कॅम फिरत असतात, पिस्टन खाली-वर होताना हवेची धडधड तिथे येतेच. चांगल्या डिझेललाही थोडी भकभक असते. टोपी उलटी ठेवून ती नाचते का बघणं ही परीक्षा नव्हे. आकडा हवा असेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : आमचं छोटं गॅरेज आहे. चेंबरचा दाब मोजायचं मीटर महाग येतं. घरगुती काही करता येईल का? आणि किती दाब म्हणजे इंजिन गेलं समजायचं?
– एक मेकॅनिक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : पाण्याची यू-नळी करा. इतक्या कमी दाबाला तिच्याइतकं खरं बोलणारं दुसरं स्वस्त साधन नाही. टायरचा गेज इथे निरुपयोगी आहे, त्याचा काटा जिथे हलायला लागतो तिथवर सील बाहेर आलेले असतात.

सहा मिलिमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक नळी तीन मीटर घ्या. प्लायच्या फळीवर ती इंग्रजी यू आकारात बसवा, प्रत्येक बाजू किमान ६० सेंटिमीटर उभी. मध्ये मोजपट्टी चिकटवा. नळीत अर्ध्यापर्यंत पाणी भरा, दिसायला थोडा रंग टाका. एक टोक उघडं, दुसरं गेजच्या नळीवर घट्ट बसेल अशा रबरी तुकड्याने जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतलं अंतर वाचायचं, एका बाजूची वाढ नव्हे. दहा मिलिमीटर म्हणजे जवळपास एक मिलिबार. पाणी फार उड्या मारत असेल तर जोडनळी चिमट्याने थोडी आवळा, सरासरी स्थिर दिसते.

एक खाच-खळगा लक्षात ठेवा. काही इंजिनांत गेजच्या नळीचं खालचं टोक तेलात बुडालेलं असतं, तिथे पाणी हलणारच नाही आणि तुम्हाला वाटेल दाब शून्य आहे. अशा वेळी भंगारातली एक ऑइल टोपी घेऊन तिला भोक पाडा, एम-सीलने नोझल बसवा आणि तिथून मोजा. अशी टोपी गॅरेजात कायम ठेवावी.

इंजिन पूर्ण गरम करा. स्लोवर (रेस न देता) बघा, मग २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून बघा. जागेवर रेस करून बूस्ट (टर्बोने आणलेला हवेचा दाब) फारसा तयार होत नाही, म्हणून खरा आकडा लोडवर घ्यावा. नळी लांब करून केबिनमध्ये आणा, शेजारी दुसरा माणूस बसवा आणि तिसऱ्या गिअरात चढ चढा. चालवणाऱ्याने फळीकडे बघायचं नाही.

आकड्यांचा अंतिम शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. मॅन्युअल हाताशी नसेल तर कामापुरता असा पट्टा धरा : शून्याच्या आसपास किंवा थोडं सक्शन, म्हणजे निरोगी. ५० मिलिमीटरच्या वर दाब, आणि रेस वाढवली की वाढतोय, म्हणजे ब्रीदरची वाट अडलेली आहे का ते बघा. ब्रीदर साफ करून, नळी मोकळी सोडूनही १००च्या वर राहतोय, तर वायू जास्त तयार होतोय, आता लीक-डाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजा.

लीक-डाउनला ग्लो प्लगच्या (थंड इंजिन तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून, पिस्टन वरच्या डेड सेंटरला (अगदी वरच्या टोकाला) आणून, १०० पौंड हवा द्या. हवा सोडताच क्रँक फिरू शकतो, पान्यात हात अडकवू नका. पंधरा टक्क्यांपर्यंत गळती चालते. तीसच्या पुढे दोष नक्की. कान लावा : ऑइलच्या टोपीतून सूं आवाज म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरकडून म्हणजे इनटेक वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. एकाच सिलिंडरची गळती जास्त आणि बाकी तिघे चांगले असतील तर तुटलेली रिंग किंवा तडकलेला पिस्टन. चारही सारखेच मध्यम असतील तर सर्वसाधारण झीज, किंवा कार्बनने अडकलेल्या रिंगा. पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल टाकून कॉम्प्रेशन पुन्हा बघायची जुनी पद्धत डिझेलवर करू नका. डिझेलची ज्वलनाची जागा इतकी लहान असते की तेवढं तेलही आकडा फुगवतं आणि जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकवतं.

आता अनुभवी हातांकडूनही सुटणारी गोष्ट. लीक-डाउन चांगलं, ब्रीदर साफ, तरी दाब जास्त. अशा वेळी दोन चोर असतात. एक म्हणजे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो कॅमशाफ्टवर असतो आणि ओढलेली हवा इंजिनातच सोडतो. ब्रेक बूस्टरची नळी किंवा टर्बोच्या ॲक्च्युएटरची बारीक नळी फुटली असेल तर पंप सतत बाहेरची हवा ओढून चेंबरमध्ये भरत राहतो. गाडी उभी असताना पंपाच्या तोंडाची नळी काढून तोंडाला बूच लावा आणि यू-नळीचा आकडा बघा. तो खाली आला तर फुटकी नळी शोधा. (बूच काढून नळी परत जोडल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ब्रेकला मदत नसते.) दुसरा चोर टर्बोच. एक्झॉस्टच्या बाजूची कडी झिजली की जळालेला वायू तेल परतीच्या नळीतून चेंबरमध्ये उतरतो. तेव्हा दाबाचं कारण टर्बो असतो, आणि हाफ इंजिन (रिंगा-पिस्टनचं काम) करूनही दाब जात नाही. परतीच्या नळीचं तोंड आतून कोरड्या काजळीने काळं झालेलं असेल तर इथे संशय घ्या.

प्रश्न : एका गॅरेजमध्ये टर्बोची नवी कोअर (दांडा, बेअरिंग आणि पंख्यांचा मधला भाग) टाकून घेतली. तीनशे किलोमीटरात परत निळा धूर. ते म्हणतात कोअर खराब निघाली. दुसरी टाकायची का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : दुसरी टाकण्याआधी पहिली का तेल सोडते ते शोधा, नाहीतर तिसरीही लागेल.

सर्वांत आधी तेल परतीची नळी काढून तिच्या फ्लँजकडे नीट बघा. पॅकिंग मिळालं नाही म्हणून सिलिकॉन लावलेला असतो. बोल्ट आवळले की तो बाहेर दिसतो तेवढाच आतही पिळला जातो. बाहेरची लाल किंवा राखाडी वळी सगळे बोटाने पुसून टाकतात, आतली दिसत नाही. ती भोकाच्या निम्म्या तोंडावर ओठासारखी उभी राहते, तेल तिथे अडतं. कधी ती तुटून खाली चेंबरमध्ये जाते आणि ऑइल पंपाच्या जाळीला चिकटते. तेल आणणाऱ्या बाजूला सिलिकॉनचा तुकडा सुटला तर बेअरिंग कोरडं पडून कोअर काही मिनिटांत जाते. टर्बोच्या दोन्ही तेलनळ्यांना धातूचं किंवा कागदी पॅकिंगच लावायचं, सिलिकॉन अजिबात नाही.

परतीची नळी खाली उतरतच गेली पाहिजे. तिला मध्ये पोट नको, वर चढणारा वळसा नको. टर्बो बनवणारे ती उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका असं सांगतात. रबरी तुकडा बदलताना लांब घेतला असेल तर त्याला झोळ पडतो, तोही तपासा. नळी चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. ऑइल जास्त भरलं की हाच नियम मोडतो.

आणि हो, इंटरकूलर धुतला होता का? जुन्या टर्बोने त्यात पाव लिटरपर्यंत तेल सोडलेलं असू शकतं. ते राहिलं तर नवा टर्बो निरोगी असूनही काही दिवस धूर दिसतो. इंटरकूलर खाली उतरवून, डिझेलने दोन-तीनदा खळबळून, उलटा ठेवून पूर्ण निथळू द्या, मगच बसवा. ओला बसवला तर ते डिझेल इंजिन ओढून घेईल.

कोअर हाताने तपासायची तर दांडा आत-बाहेर ढकलून बघा : तो प्ले हाताला जवळजवळ जाणवू नये. वर-खाली मात्र थोडा प्ले असतोच, तेल नसताना तो जास्त वाटतो, त्यावरून टर्बो नापास करू नका. पंखा घराला घासल्याच्या खुणा आहेत का, हे बघा. नवी कोअर बसवताना तेलाच्या भोकातून आधी ऑइल ओता, हाताने पंखा फिरवा, मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारा. पहिल्या स्टार्टनंतर निदान एक मिनिट रेस द्यायची नाही.

प्रश्न : माझी एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. स्लोवर शिट्टीसारखा आवाज येतो, इंजिन थरथरतं, चेक इंजिनचा दिवा लागला आहे. ऑइलची टोपी चालू इंजिनावर उघडायला गेले तर उघडेना. उतारावर गिअरमध्ये गाडी सोडून परत रेस दिली की निळा धूर येतो. हे बॅक कॉम्प्रेशन का?
– एक वाचिका, विजापूर रस्ता

उत्तर : नाही, ताई, तुमच्या गाडीत नेमकं उलट झालंय. चेंबरमध्ये दाब नाही, नको इतकं सक्शन आहे.

टर्बो पेट्रोलमध्ये ब्रीदरला दोन वाटा असतात. स्लोवर इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांत) सक्शन असतं, तेव्हा वायू तिकडे जातो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब येतो, म्हणून तिथला एकदिशा व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायू टर्बोच्या आधीच्या नळीत जातो. मॅनिफोल्डचं जोरदार सक्शन चेंबरपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये रबरी डायफ्राम असतो. तो फाटला की सगळं सक्शन चेंबरवर येतं : टोपी उघडत नाही, फाटलेल्या जागेतून किंवा क्रँकच्या सीलमधून हवा ओढली जाऊन शिट्टी वाजते, मोजमापाबाहेरची हवा आत आल्याने मिश्रण पातळ होतं. स्कॅनरवर बहुधा पी०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड दिसेल. उतारावर मॅनिफोल्डचं सक्शन सर्वांत जास्त असतं, तेव्हा तेल ओढलं जातं आणि रेस देताच जळतं.

खात्री करायची सोपी रीत : स्लोवर गेज अर्धं बाहेर ओढायला सांगा. शिट्टी त्या क्षणी थांबली तर डायफ्रामच. अनेक गाड्यांत तो टॅपेट कव्हरबरोबरच येतो. शिट्टी बंद करायला कुणी डायफ्रामच्या झाकणावरच्या बारीक भोकावर टेप किंवा एम-सील लावायला निघालं तर लावू देऊ नका, त्या भोकातून डायफ्रामच्या वरच्या बाजूला हवा लागते. भाग बदलल्यावर कोड पुसून घ्या. त्याच वेळी तो एकदिशा व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघायला सांगा : एका बाजूने हवा जावी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. तो उघडा अडकला तर पुढे बूस्टचा दाब थेट चेंबरमध्ये जाईल आणि गेज वर उचललं जाईल, मग खरंच बॅक कॉम्प्रेशनची तक्रार घेऊन यावं लागेल.

प्रश्न : कॅच कॅन लावला तर दाब आणि धूर दोन्ही कमी होतात असं ऐकलं. कुठला, कसा लावू?
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : धूर कमी होईल, दाब नाही. कॅच कॅन वाटेत बसून तेल गाळतो. चुकीचा निवडला तर वाट अरुंद करून दाब वाढवतोच. म्हणून आधी यू-नळीवर इंजिन निरोगी असल्याची खात्री, मग कॅन.

रिकामा डबा घेऊ नका, बाजारात तसे खूप मिळतात. आत आडवे पडदे आणि स्टीलची जाळी हवी. तेलाचं धुकं जाळीवर आपटून थेंब होतं, पोकळ डब्यातून ते सरळ निघून जातं. नोझलचा आतला व्यास मूळ ब्रीदरच्या नळीइतका हवा, १९ मिलिमीटरच्या जागी १० चालणार नाही. नळी तेल आणि उष्णता सोसणारी, नायट्राइल रबराची. रेडिएटरच्या होजचं रबर तेलात फुगतं, बागेचा पाइप गरम होऊन चपटा होतो. कॅन एक्झॉस्टपासून लांब, वारा लागेल अशा थंड जागी बसवा, तो जितका थंड तितकं तेल जास्त पकडतो. बाहेर पडणारी नळी परत मूळ जागी टर्बोच्या इनलेटला जोडा. वर छोटा फिल्टर लावून वायू मोकळा सोडायची पद्धत टाळा. बसवल्यावर यू-नळी पुन्हा लावून आकडा आधीइतकाच आहे ना, हे बघा. या एका तपासणीशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका.

पहिल्या हजार किलोमीटरला कॅन रिकामा करा, मग किती साठतं त्यावरून अंतर ठरवा. पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या सकाळी त्यात ताकासारखं पांढुरकं पाणी-तेल निघेल. छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, म्हणून वाफेचं पाणी होतं. कूलंटची पातळी स्थिर असेल तर हेड गॅस्केटची भीती बाळगू नका.

प्रश्न : सोलापूरचं ऊन ४४ अंशांवर जातं. धूर कमी व्हावा म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घालू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नको. गरम इंजिनातलं तेल शंभर अंशांच्या पुढे असतं, बाहेर ३० आहे की ४४ याने त्यात थोडाच फरक पडतो. जाड तेल सकाळी टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं आणि परतीच्या नळीतून हळू उतरतं, म्हणजे ज्या जागी अडचण आहे तिथेच भर. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० ला परवानगी असेल आणि गाडी जुनी असेल तर ते घालून बघायला हरकत नाही. पेट्रोल टर्बोला एपीआय एसपी दर्जाचं तेल घ्या. इनटेकमध्ये गेलेल्या तेलाच्या थेंबांमुळे कमी आरपीएमवर अवेळी स्फोट होऊन पिस्टन तडकतात, त्याविरुद्धची चाचणी या दर्जात आहे. आणि हायवेवरून पळवून आणलेली गाडी ढाब्यावर लागलीच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट स्लोवर ठेवा. तापलेल्या टर्बोत थांबलेलं तेल जळून कोळसा होतं आणि तोच पुढे नळी तुंबवतो.

प्रश्न : बीएस ६ डिझेल आहे. धूर नाही, पण गेजवर ऑइल वाढतंय! घर जुळे सोलापूर, दुकान नवी पेठ, रोज तेवढीच फेरी.
– एक व्यापारी

उत्तर : वाढतंय ते डिझेल. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ करायला इंजिन जादा डिझेल उशिरा फवारून एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवतं. तुमची फेरी संपते तेव्हा ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, आणि दर वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. पातळ झालेलं, खुणेवर चढलेलं ऑइल ब्रीदरमधून इनटेकमध्ये जातं. धूर दिसत नाही कारण फिल्टर तो अडवतो, पण तेलाची राख त्यात कायमची साठते आणि ती जळत नाही.

पातळी वरच्या खुणेपुढे गेली असेल तर नुसतं जास्तीचं काढू नका. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कमी राखेच्या सी२ किंवा सी३ दर्जाचं तेल घाला. मग आठवड्यातून एकदा पुणे किंवा हैदराबाद हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं, २००० आरपीएमच्या वर, एकसारखी चालवा. सफाई चालू असताना स्लोचा आवाज बदलतो, फॅन जोरात फिरतो. ते जाणवलं तर दुकानासमोर इंजिन बंद करू नका, आणखी एक चक्कर मारून या.

प्रश्न : आमच्या मामांची डिझेल गाडी बंदच होईना. चावी काढली तरी इंजिन आपोआप रेस होत गेलं, रस्ताभर पांढरा-निळा धूर. शेवटी मोठा आवाज होऊन बंद पडली. असं का होतं? परत झालं तर काय करायचं?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : वरची सगळी पत्रं ज्या तेलाची आहेत, तेच तेल जास्त प्रमाणात इनटेकमध्ये गेलं की असं होतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. चावी काढली की इंजेक्टर बंद होतात, पण ब्रीदर किंवा टर्बोतून येणारं इंजिन ऑइल हेच त्याचं इंधन होतं. रेस वाढते तसा बूस्ट वाढतो, तसं आणखी तेल येतं. रॉड तुटेपर्यंत किंवा तेल संपेपर्यंत ते थांबत नाही.

मॅन्युअल गिअर असेल तर क्लच दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक पूर्ण जोराने दाबून ठेवा आणि क्लच एकदम सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. क्लच हळू सोडलात तर प्लेट जळेल आणि इंजिन चालूच राहील. हे करायला पहिल्या काही सेकंदांतच वेळ असतो. समोर माणूस किंवा भिंत नाही याची खात्री करा. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय चालत नाही. तिथे हवा तोडावी लागते : एअर फिल्टरनंतरच्या नळीच्या तोंडावर जाड सपाट फळी दाबायची, किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक त्यात सोडायचा. हाताने तोंड बंद करायचं नाही, आणि फडकं तर मुळीच नाही, ते आत खेचलं जातं. रेस शेवटाला पोचली असेल, बॉनेटमधून खडखडाट येत असेल, तर सगळ्यांना उतरवून गाडीपासून लांब जा, बाजूला उभं राहू नका. त्या वेगाने तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

मामांच्या गाडीत मोठा आवाज झालाय, म्हणजे आत काहीतरी तुटलंय, तिला सेल्फ मारू नका. एखादी गाडी गुदमरवून वेळेत बंद करता आली तरीही लगेच चालू करायची नाही. टो करून न्या, इनटेकची नळी आणि इंटरकूलर उतरवून तेल काढा, ग्लो प्लग काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, सिलिंडरमध्ये तेल साचलेलं असेल तर ते भोकातून बाहेर येईल. मग ब्रीदर, परतीची नळी आणि टर्बो या क्रमाने तपासा, आणि यू-नळीवर आकडा नीट आल्यावरच रस्त्यावर आणा.